मचाणावरून उतरायचं नाही

११ सप्टेंबर

प्रिय रॉइस,

तुम्ही इतक्या घाईत निघालात की तुमची हिरवी बाटली, वाचायचा चष्मा आणि अख्खं अस्वल इथेच राहिलं. बाटली आणि चष्मा या पत्रासोबत खोक्यात घातलाय. अस्वल खोक्यात मावलं नाही.

थट्टा नकोशी वाटली तर माफ करा. आमच्या कॅम्पवर शिकारीला येऊन गेलेल्या प्रत्येकाला मी एकतीस वर्षं मागाहून पत्र घालते आहे, आणि त्यात एक तरी टोमणा असल्याशिवाय एल्डन पाकीट चिकटवू देत नसे. म्हणायचा, "लिओना, पत्र तुझं आहे हे त्यांना कळू दे. नाहीतर वाटेल वीज कंपनीचं आलंय." नवरा गेला म्हणून हाताचं वळण लगेच बदलत नाही.

शनिवारी त्याला पुरलं. चर्च भरलं, उरलेले लोक शिकारीचे कोट घालूनच बाहेर उभे राहिले, कारण अर्ध्याअधिक जणांना तिथून तसंच आमिष टाकायला जंगलात जायचं होतं. एल्डनला ते आवडलं असतं. शेजारणींनी बटाट्याचे इतके प्रकार करून आणलेत की मार्चपर्यंत मला बटाटा सोलायला नको. तुम्ही दफनाला थांबला नाहीत याचा मला मुळीच राग नाही. मर्लला मीच सांगितलं होतं, उजाडताच त्यांना गाडीत बसव आणि पेन्सिल्व्हेनियाच्या रस्त्याला लाव. मर्ल माझा धाकटा भाऊ. जगाचं ऐकत नाही, पण माझं ऐकतो, हे तुम्ही त्या आठवड्यात पाहिलंतच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारावंसं वाटत असेल म्हणून सांगते. हृदय बंद पडलं. तुमच्याकडे यायला निघाला होता, चालता चालता गेला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. तुमच्या बंदुकीचा आवाज ऐकून तो खुशीत निघाला असणार, एवढं मी पैजेवर सांगते. पहिल्यांदा शिकारीला आलेला माणूस आणि आठवडा संपायच्या आत अस्वल, याचा त्याला स्वतःच्या शिकारीपेक्षा जास्त आनंद व्हायचा.

आणि काय गोळी मारलीत हो तुम्ही. कातडी मर्लनेच काढली. तो म्हणतो, मानेचं हाड मोडलं, होतं तिथेच बसलं, पायसुद्धा झाडला नाही. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेल्या माणसाचा हात असा स्थिर असेल असं एल्डनलाही वाटलं नव्हतं. सोमवारी तो मला म्हणाला होता, "हा रॉइस मचाणावर चढेपर्यंतच शिकारीचा मोसम संपेल."

मांस माझ्या फ्रीजरमध्ये आहे. कातडी कातडीवाल्याकडे जाईल. भिंतीवर मुंडकं लावायचं की जमिनीवर अंथरायचं, ते मार्लीनना विचारून कळवा. शेवटी घर बायकोला झाडायचं असतं.

तुमची,
लिओना


२ ऑक्टोबर

प्रिय रॉइस,

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीत त्यात अस्वलाच्या कातडीबद्दल एक ओळ नाही. एकच प्रश्न तुम्ही चार तऱ्हांनी विचारलाय, म्हणून एकदाच नीट उत्तर देते.

होय, ते अस्वलच होतं.

तुम्ही लिहिता, गोळी घातल्यावर ते आमिषाच्या पिंपामागे पडलं आणि दिसेनासं झालं. मग आठ-दहा मिनिटं काही नाही. मग डाव्या हाताला, दलदलीच्या बाजूने, लांबलचक कण्हण्याचा आवाज. थांबतो, पुन्हा येतो, वीसेक मिनिटं चालतो आणि मग बंद होतो. आणि वर विचारता, लिओना, तुम्हीच लिहिता की अस्वल जागच्या जागी मेलं, तर मग कण्हत कोण होतं?

मर्लच्या बोलण्यावर मी विसंबले, चूक माझी. मर्लने दहा सांगितले तर पाच घ्यायचे. एल्डनच्या जाण्याने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गोळी फुप्फुसात लागली होती. अस्वल पिंपामागून सरपटत देवदारांत गेलं आणि तिथे मेलं. फुप्फुसात गोळी लागलेलं अस्वल तसंच कण्हतं, इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि मी रविवारीच सांगितलं नव्हतं का? आठवा. तुम्ही टेबलाच्या त्या टोकाला, मक्याची रोटी तिसऱ्यांदा वाढून घेत होता. एल्डनने त्याचं नेहमीचं भाषण केलं: "आपण दोघं मचाणापर्यंत जाऊ, मी पिंपात शिळे डोनट आणि काकवी ओतीन, आणि मोठमोठ्याने बडबडत एकटा परत जाईन. अस्वलाला एकच्या पुढे मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस आला, खाऊ ठेवला, गेला." तुम्ही विचारलंत, "आणि मला शिंक आली तर?" तो म्हणाला, "तर अस्वलाला मोजणी येईल."

मग माझी पाळी. नियम सांगायचं काम कायम माझं. एल्डन म्हणायचा, माझ्या तोंडून नियम ऐकले की शिकारी विनोद समजतात, तुझ्या तोंडून ऐकले की घाबरतात. मी म्हटलं, गोळी लागली तरी खाली उतरायचं नाही, चुकली तरी नाही. वाटाड्या येईल तेव्हाच उतरायचं. सत्त्याण्णव साली एकजण आपलं अस्वल बघायला उतरला, त्याचा दंड खांद्यापासून सोलून निघाला. आणि अस्वल मरताना कण्हतं, ते ऐकून पाय खाली सोडायचा नाही. माणसासारखं वाटेल. माणूस नसतो.

मग एल्डन म्हणाला, "लिओना, करून दाखव." मी पळी हातात धरून ते कण्हणं करून दाखवलं. दर रविवारी दाखवते. तुम्हाला इतकं हसू आलं की कॉफी नाकातून आली. एल्डन सगळ्यांत जास्त हसला, तो नेहमीच जास्त हसायचा.

तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसून राहिलात, याबद्दल मी तुमची आभारी आहे. झोप येत नाही म्हणता. कोमट दुधात थोडी व्हिस्की घालून घ्या आणि झोपा. जे संपलं ते उकरू नका.

कातडीचं अजून कळवलं नाहीत.

लिओना


९ नोव्हेंबर

प्रिय रॉइस,

तुम्ही मुंडकं म्हणालात, पण मी अंथरायचंच करायला सांगितलंय. माझ्यावर रागावू नका. मुंडकं करायचं तर मानेची कातडी धड लागते. मर्लची सुरी सरकली आणि मानेपाशी भोक पडलं. कातडीवाल्याने टाका घातलाय, पण दिसेल. मर्लच्या हातून असं कधी होत नाही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच झालं. तो तुमची माफी मागतो.

खरं तर तो स्वतःच लिहिणार होता. मी म्हटलं, तू लिहू नकोस, तुझं अक्षर कोणाला लागत नाही. त्यावरून आमचं वाजलं. तो दोन दिवस जेवायला आला नाही. आपलेच दात आपलेच ओठ, आला तिसऱ्या दिवशी. असो, ते घरचं आहे, तुमच्या डोक्याला ताप नको.

हिमवर्षाव व्हायच्या आत मचाण काढायला आम्ही दोघं गेलो होतो. मी एकतीस वर्षांत कधी तिथवर गेले नव्हते. माझं जग चूल ते ओसरी. शिकारी अंगणात उतरले की मी त्यांना खाऊ घालायचं, आणि एल्डन परतला की त्याचे आमिषात ओतायच्या तळणीच्या तेलाने माखलेले कपडे ओसरीवरच उतरवून घ्यायचे, कारण एकदा ते घरात आले तर आठवडाभर पडद्यांना वास. जंगल त्याचं, वास माझा.

जागा चांगली आहे. मचाणावर चढून बसले थोडा वेळ. खालचं काही दिसत नाही हो तिथून, देवदार इतके दाट आहेत. पिंप दिसतं आणि त्याच्या मागचं गवत दिसतं. डाव्या बाजूला तर दहा पावलांपलीकडचंही दिसत नाही. मग उतरून मी पावलं मोजली. एकशे चाळीस. कुठपासून कुठपर्यंत ते सोडा, माझी सवय आहे, मी काहीही मोजत बसते.

शिकारखात्याचा वॉर्डन येऊन गेला. एल्डनच्या वस्तू परत दिल्या. टोपी, सुरी, पट्टा. पट्टा मी तीनदा धुतला.

तुम्ही पुन्हा विचारलंत, आवाज डावीकडून आला आणि अस्वल तर समोर पडलं होतं, ते कसं. रॉइस, दलदलीवर आवाज फिरतो. पाणी, धुकं, झाडं. इथल्या मुरलेल्या माणसांनाही दिशा कळत नाही. मी यापुढे याबद्दल लिहिणार नाही. तुम्ही भले माणूस आहात, म्हणून तुम्हाला सारखं टोचतं. कोणी गेंड्याच्या कातडीचा असता तर त्याने आत्तापर्यंत पुढच्या वर्षीचं आगाऊ बुकिंग केलं असतं.

मार्लीनना सांगा, तुम्हाला दिवसभर कामाला जुंपा.

लिओना


२१ डिसेंबर

प्रिय रॉइस आणि मार्लीन,

सुक्या मेव्याचा केक पोचला. मर्लने अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्यापासून लपवून ठेवला, यावरून चव ओळखा.

तुम्हाला आता झोप लागते हे वाचून मी खुर्चीत बसून रडले. दुसरं काही नाही, बरं वाटलं म्हणून. माझ्या पत्रांचा एवढा उपयोग झाला, मग झालं.

फोनमध्ये त्या संध्याकाळची सगळी चित्रफीत निघाली असं तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. गोळी घालण्याआधी चालू केलात आणि बंद करायचा राहिला. तुमच्या जावयाने ती काढून दिली. इतके दिवस बघायची हिंमत झाली नव्हती, पण लिओनाने खात्री दिली आहे की ते अस्वलच होतं, म्हणून आता बघितली. आणि तुमच्या शिकारी मंडळाच्या नाताळच्या जेवणात ती सगळ्यांना ऐकवलीत. चाळीस माणसं गप्प बसून ऐकत होती. आता दर वर्षी नव्या शिकाऱ्यांना ऐकवायची असं मंडळाने ठरवलंय, म्हणजे त्यांना आधीच कळेल आणि कोणी वेड्यासारखा खाली उतरणार नाही.

मला तिची प्रत नको. खरंच नको. माझ्याकडे ते लावायचं यंत्र नाही, मर्लचा कॉम्प्युटर बिघडलाय. पाठवली नसेल तर पाठवू नका. आणि मंडळात पुन्हा ऐकवू नका. का ते विचारू नका, एल्डनचा शेवटचा दिवस आहे तो, एवढं कारण पुरे धरा.

नाताळच्या शुभेच्छा.

लिओना


१८ जानेवारी

प्रिय मार्लीन,

पाकिटावर मुद्दाम तुमचं नाव घातलंय. आतलं पत्र रॉइससाठी आहे, पण आधी तुम्ही वाचा. वाचून शेगडीत घालावंसं वाटलं तर घाला, मी कधी विचारणार नाही. द्यायचं ठरवलंत तर ते वाचत असताना घरातच थांबा, दुकानात वगैरे जाऊ नका. आणि दोष द्यायचा तर मला द्या, त्यांनी काही केलेलं नाही.

लिओना


प्रिय रॉइस,

तुमचं पाकीट आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांना चुकवून गेली. गुरुवारी दुपारी तुमची चित्रफीत भरलेली ती बोटाएवढी वस्तू माझ्या टेबलावर आली, सोबत तुमची चिठ्ठी: "एल्डनला हे ऐकायला आवडलं असतं." मर्ल रस्त्यावरचा बर्फ काढायला गेला होता. त्याचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. एकदा नाही, प्रत्येक पत्रात बोलले. आता सगळं सांगते, क्रमाने.

एल्डनचं हृदय ठणठणीत होतं. गोळीचा आवाज ऐकला की वाटाड्याने अर्धा तास थांबायचं असतं, मग निघायचं. हा थांबला नाही. उजेड जात होता आणि त्याला तुमचा चेहरा बघायचा होता. वळसा घालून यायच्या ऐवजी तो दलदलीतून सरळ आला. बिनतारी फोन गाडीत समोरच ठेवलेला होता. मर्ल दहा वर्षं त्याच्या मागे लागला होता, की तो कमरेला लाव. हा म्हणायचा, "तो खरखरला की अस्वल पळतं." जित्याची खोड. शेवाळलेल्या आडव्या देवदारावरून पाय घसरला. छाती ओंडक्यावर आपटली, बरगड्या आत गेल्या, आणि तुटक्या फांदीचं टोक मांडीत घुसलं. मर्लला तो सापडला तेव्हा पट्टा काढून मांडीला गुंडाळलेला होता, पण आवळता आला नव्हता. श्वासच पुरत नव्हता, तर तुमचं नाव कुठून घेणार. नुसता आवाज निघत होता.

मचाणापासून एकशे चाळीस पावलांवर.

मर्लने स्वतःचा कोट त्याच्यावर घातला आणि तुम्हाला ओढ्याच्या बाजूने फिरवून बाहेर आणलं, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. तुम्ही गाडीत सारखं सांगत होता, अस्वल बिचारं वीस मिनिटं कण्हत होतं. मर्ल नुसती गाडी चालवत राहिला. उजाडल्यावर तुम्ही गेलात आणि तो अस्वल घेऊन आला. कातडी सोलता सोलता त्याने मला शेडमध्ये हाक मारली.

"लिओना, हे बघ. मणका तुटलाय. हे पडलं तेव्हाच मेलेलं होतं. याच्या तोंडातून हूं की चूं निघालं नसणार."

"बरं मग?"

"मग तो माणूस काय ऐकत होता?"

त्याने सुरी खाली ठेवली.

"त्याला सांगायला हवं, लिओना."

"सांगून काय होणार आहे? एल्डन उठणार आहे? एक गेला, दुसऱ्याला कशाला मारतोस?"

"आणि त्याने विचारलं तर?"

"विचारलं तर मी आहे. तू तोंडाला कुलूप लाव."

मग पहिल्याच पत्रात मी तुमच्या गोळीची स्तुती करायला गेले आणि स्वतःच सगळं उघडं केलं. तुम्ही इंजिन उघडून बघणारा माणूस, बरोबर तिथेच बोट ठेवलंत. त्यानंतर माझं एक खोटं झाकायला दुसरं लागत गेलं. मानेवरचं भोक सुरीचं नाही, ते तुमच्या गोळीचं आहे. मर्ल बिचारा कधी चुकला नव्हता, त्याच्यावरही मी आळ घेतला. वॉर्डनला सगळं माहीत आहे. त्याने तुमच्या नावापुढे एक शब्द लिहिला नाही, म्हणाला, यात त्या माणसाचं काही नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, वेळेवर कोणी मांडी बांधली असती तर? ते म्हणाले, "कदाचित." मी चार महिने त्या एका शब्दावर उठते आणि झोपते. तुमच्यावर तो कधी येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मला तुमच्यासाठी दुसरं काही करता येत नव्हतं. एल्डनसाठी तर काहीच नाही.

मग गुरुवारी मी ती लावली.

आधी तुमचा श्वास ऐकू येतो. मग गोळी. मग बराच वेळ पाखरं आणि डास. मग तो. मला एक सेकंदही लागला नाही, रॉइस. एकेचाळीस वर्षं मी त्या आवाजाशेजारी झोपले आहे. हिवाळ्यात पाठ धरली की बूट काढताना तो अगदी असाच कण्हायचा, आणि मी चुलीपासून ओरडायचे, "अस्वल आलं वाटतं."

आता जे सांगते आहे ते मर्ललाही माहीत नाही. मी मरणारं अस्वल आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. कुठे ऐकणार, मी कधी चूल सोडून गेले नाही. रविवारी जेवणानंतर मी पळी हातात धरून करून दाखवायचे ती एल्डनची नक्कल होती. बूट काढणाऱ्या एल्डनची. म्हणून तो सगळ्यांत जास्त हसायचा. आमच्या दोघांचीच गंमत होती ती, एकतीस वर्षं कोणाला कळली नाही. खरं अस्वल कसं कण्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण त्याने मला एकदाही दुरुस्त केलं नाही.

म्हणजे तुम्ही मचाणावर बसून जो आवाज ऐकलात, तोच मी तुम्हाला रविवारी ऐकवला होता. हुबेहूब. आणि वर सांगितलं होतं, माणसासारखं वाटेल, माणूस नसतो. तुम्ही चुकला नाहीत. कोणीही ओळखला नसता. मी तुम्हाला शिकवलं होतं, की हा आवाज आला तर हलायचं नाही, आणि तुम्ही शहाण्यासारखं ऐकलंत.

मी ती सगळी ऐकली, पस्तीस मिनिटं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तुमचा आवाज येतो. तुम्हाला तो आठवत नसेल, कारण चिठ्ठीत तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तुम्ही रडत आहात आणि हळू म्हणताय, "देवा, त्याला सोडव. बास झालं, त्याला लवकर सोडव." तीनदा म्हणताय. चौथ्यांदा म्हणता तेव्हा पलीकडे शांत झालेलं असतं.

हे ऐकून तुमचा राग यावा की तुमचे पाय धरावेत, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. तुम्ही माझ्या माणसाच्या मरणाची प्रार्थना केलीत आणि ती दयेपोटी केलीत. पण तो गेला तेव्हा एकशे चाळीस पावलांवर कोणीतरी त्याच्यासाठी रडत होतं, हेही खरं आहे. मी रडत नव्हते. मी त्या वेळी सहा माणसांच्या जेवणाचे बटाटे कुस्करत होते आणि एल्डनला उशीर झाला म्हणून मनातल्या मनात शिव्या देत होते.

तुम्ही रागावलात तर रागावा. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नका. फोन करायचा असेल तर मी घरीच असते, कुठे जाणार. मर्लला मी सांगितलंय, आता तू लिहिलंस तरी चालेल. त्याचं अक्षर खरंच लागत नाही, पण माणूस सरळ आहे.

तुमच्या मंडळाचं मात्र आजच करा. ती चित्रफीत त्यांच्याकडून मागून घ्या. चाळीस माणसांनी माझ्या नवऱ्याचं मरण ऐकलंय, त्यांना ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मला ते कठीण वाटतं. पण ती पुन्हा लावू नका. आणि कोणी नवा माणूस पहिल्यांदा शिकारीला निघाला, आणि त्याला नियम सांगायची पाळी तुमच्यावर आली, तर माझा नियम सांगू नका. त्याला सांगा, माणसासारखं वाटलं तर खाली उतर. बंदूक हातात घे, दिवा घे, हाक मारत जा, पण जा. अस्वल निघालं तर निघू दे.

लिओना